दुसरा प्रश्न

तारीख १६ फेब्रुवारी १८९३. स्थळ कलकत्ता. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्या दिवशी अयोध्या प्रांतातील भिनगा येथील राजांनी सरकारास एक प्रश्न विचारला. प्रश्न राज्यक्रांतीचा नव्हता, लढाईचा नव्हता, कराचाही नव्हता. सरकारी अंमलदार फिरतीवर निघाले म्हणजे त्यांच्या तळासाठी गावोगावच्या दुकानदारांकडून शिधासामग्री घेतली जाई, आणि त्यापायी त्या गरिबांना जो जाच सोसावा लागे, त्याविषयीचा तो प्रश्न होता. खेड्यातल्या वाण्याचे पीठमीठ साम्राज्याच्या सर्वोच्च सभागृहात येऊन पोहोचले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याचा जो हक्क दिला, त्या हक्कान्वये वरिष्ठ कायदेमंडळात विचारला गेलेला हा पहिला प्रश्न होय.

परंतु या हक्काला एक मोठी मेख मारून ठेवलेली होती. राजांना पहिला प्रश्न विचारता आला; दुसरा विचारता येत नव्हता. सरकारी सभासद जे उत्तर देईल ते ऐकून घ्यावे आणि स्वस्थ बसावे, असा नियम होता. हिंदुस्थानातील लोकप्रतिनिधींच्या प्रश्नाधिकाराचा पुढचा सारा इतिहास म्हणजे हा ‘दुसरा प्रश्न’ मिळविण्याचा, टिकविण्याचा आणि प्रसंगी गमावण्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. शाळेचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. धडा पाठ करून आलेला मुलगा गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर घडाघड म्हणून दाखवितो. त्याला विषय समजला आहे की नाही, हे कळते ते गुरुजींनी त्याच उत्तरातला एखादा शब्द धरून ‘म्हणजे काय?’ असे विचारल्यावर. मंत्र्यांचेही तसेच आहे. पहिले उत्तर कचेरीत तयार होते. कारकून ते लिहितो, चिटणीस ते तपासतो, मंत्री ते वाचतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला स्वतः उभे राहून द्यावे लागते. सत्तेची आणि सत्याची गाठ पडते ती तेथे.

ही प्रथा मूळची विलायतेची. तेथील उमरावांच्या सभेत १७२१ सालच्या फेब्रुवारीत अर्ल कौपर यांनी विचारलेला प्रश्न हा पार्लमेंटच्या दप्तरात नमूद झालेला पहिला प्रश्न मानला जातो. साउथ सी कंपनीच्या घोटाळ्याने त्या काळी हजारो कुटुंबे धुळीस मिळाली होती. कंपनीचा खजिनदार पळून गेला होता आणि तो परदेशात पकडला गेल्याची वदंता होती. ती खरी आहे काय, एवढेच कौपर यांना हवे होते. म्हणजे प्रश्नाचा हा हक्क जन्मास आला तोच लोकांच्या बुडालेल्या पैशांच्या निमित्ताने, हे येथे ध्यानात ठेवावे. त्याचे प्रत्यंतर पुढे येणारच आहे.

हिंदुस्थानात या प्रथेचे बीज १८५३ च्या सनदेनंतर पडले. त्या सनदेने बारा सभासदांचे जे मंडळ निर्माण केले, त्यात लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता. सारे गोरे अधिकारी आणि न्यायाधीश. तरी सभागृह म्हटले की विचारपूस आलीच. हे सभासद सरकारला प्रश्न विचारू लागले, कागदपत्रे मागू लागले. विलायतच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने मंडळाचे काम केवळ कायदे करण्यापुरते मर्यादित करण्यात आले आणि प्रश्नांचे दार बंद झाले. आपल्याच माणसांनी विचारलेला प्रश्नही सत्तेला सोसवत नाही, हा या प्रकरणाचा बोध.

ते दार एकतीस वर्षांनी किलकिले झाले. त्यामागे काँग्रेसची मागणी होती आणि सुशिक्षितांची वाढती चळवळही होती. पण १८९२ च्या कायद्याखालील नियम पाहिले म्हणजे सरकारची भीती स्पष्ट दिसते. प्रश्नाची सहा दिवस आधी सूचना द्यावी. प्रश्न केवळ माहिती मागणारा असावा. त्यात युक्तिवाद नसावा, तर्क नसावा, कोणाची बदनामी नसावी. अध्यक्षांना तो नाकारण्याची मुभा असावी. आणि मिळालेल्या उत्तरावर चर्चा होऊ नये. इतक्या चाळणीतून गाळून उरलेला प्रश्नही लोकांच्या उपयोगी पडला, याचे श्रेय त्या काळच्या सभासदांकडे जाते.

मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात या कायद्यान्वये सर फिरोजशहा मेहता आले, १८९५ साली बाळ गंगाधर टिळक आले आणि त्यांच्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले आले. वरिष्ठ कायदेमंडळात १८९५ साली पोलिसांच्या विधेयकावर मेहतांनी जी कडक टीका केली, तिने फडणिशी सांभाळणारे सर जेम्स वेस्टलंड इतके अस्वस्थ झाले की, या मंडळात भलतेच नवे वारे शिरल्याची तक्रार त्यांनी बोलून दाखविली. गोखल्यांची तऱ्हा निराळी. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर ते पहिल्यांदा बोलले तेव्हा शिलकी अंदाजपत्रकाचे आकडे सरकारचे होते. ती शिल्लक जनतेच्या सुबत्तेची नसून जादा कराची आहे, हा निष्कर्ष गोखल्यांचा होता. मिठावरील कर तेव्हा मणी अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. एकट्या गोखल्यांमुळे तो उतरला असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु दरवर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी पुढे मांडण्याची त्यांची चिकाटी ही दुसऱ्या प्रश्नाचीच दुसरी बाजू होती.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी अखेर उपप्रश्नाचा हक्क दिला. मात्र ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच तो होता. शेजारच्या सभासदाला उत्तरातील उणीव दिसली तरी त्याने तोंड उघडू नये. १९१९ च्या सुधारणांनंतर हा निर्बंध गेला आणि कोणाही सभासदास उपप्रश्न विचारता येऊ लागला. १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची वहिवाट पडली. याच सुधारणांनी प्रांतांत प्रथमच ‘मंत्री’ आले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती त्यांच्याकडे. पोलीस, जमीनमहसूल ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी सभासदांकडे. खजिन्याची किल्लीही मंत्र्यांकडे नव्हती. तरी प्रश्न विचारण्यास समोर एक माणूस मिळाला, हेही थोडे नव्हते.

केवळ एकदा विचारून भागत नाही, याचे मुंबई इलाख्यातील उदाहरण सीताराम केशव बोले यांचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलने त्यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशांतून बांधलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या वर्गास मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. सरकारने पुढच्याच महिन्यात आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाले. पाणी मात्र मिळेना. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका अगर लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करावे. हा नियमाच्या भाषेत उपप्रश्न नव्हता, तरी ‘तुम्ही हुकूम दिलात, त्याचे पुढे काय झाले?’ हाच त्याचा अर्थ होता. तेवढ्यानेही भागले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले. सभागृहातील प्रश्नाला उत्तर मिळाले नाही म्हणजे तो रस्त्यावर येतो, हे महाडने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर मंत्री लोकसभेस जबाबदार झाले आणि प्रश्नाला खरी धार आली. तिची कसोटी १९५७ साली लागली. आदल्याच वर्षी विमाधंद्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. लक्षावधी मध्यमवर्गीय कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते आता सरकारच्या हाती होते. जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. गुंतवणूक समितीचा सल्लाही घेण्यात आला नव्हता. सप्टेंबरात लोकसभेत याविषयी प्रश्न आला. उत्तरे मोघम मिळाली. हिवाळी अधिवेशनात तोच विषय पुन्हा निघाला आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी रायबरेलीचे सभासद फिरोज गांधी यांनी सारा व्यवहार सभागृहापुढे उलगडून ठेवला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जामातही. दोन्ही नाती त्यांनी सभागृहाच्या दाराबाहेर ठेवली.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांची चौकशीसाठी नेमणूक झाली. १९५८ च्या जानेवारीत मुंबईस उघड सुनावणी झाली, तेव्हा ऐकणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. आपल्या खात्याच्या सचिवाने केले, आपणास ठाऊक नव्हते, ही सबब मंत्र्यास सांगता येणार नाही, असा छगलांचा निर्णय पडला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. साउथ सी कंपनीपासून आयुर्विमा महामंडळापर्यंत सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कोडे एकच होते: लोकांचा पैसा कोठे गेला?

या शस्त्राचा दुरुपयोग झाला नाही असे नाही. १९५१ साली मुंबईचे एक खासदार, एच. जी. मुद्गल, सराफी व्यापाऱ्यांच्या संघाकडून मोबदला घेऊन त्यांच्या हिताचे प्रश्न संसदेत मांडीत असल्याचे उघडकीस आले आणि त्यांना सभागृह सोडावे लागले. २००५ सालच्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. विकत मिळणारा प्रश्न हा मोघम उत्तरापेक्षाही घातक. कारण त्याने विचारणाऱ्यावरचा विश्वासच उडतो.

आणि प्रश्नाचा तास गमावल्याचे प्रसंगही स्वतंत्र भारताने पाहिले. आणीबाणी पुकारल्यानंतर जुलै १९७५ च्या अधिवेशनात तो तहकूब ठेवण्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कारणाने तो वगळण्यात आला. मात्र अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू राहिली. वरकरणी पाहता उत्तरे मिळतच होती, मग बिघडले काय? बिघडले ते एवढेच, की लेखी उत्तराला उपप्रश्न नसतो. तारांकित प्रश्नाचा तारा म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा हक्क. तो तारा मावळला की सभासदाची स्थिती १८९३ च्या भिनगाच्या राजांसारखी होते: उत्तर घ्यावे आणि बसावे.

ज्या दुकानदारांसाठी राजांनी तोंड उघडले, त्यांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत. परंतु सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेली ही सारी खटपट त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. म्हणून मत मागावयास येणाऱ्या प्रतिनिधीला नागरिकाने अवश्य विचारावे, ‘आपण सभागृहात काय विचारलेत?’ आणि त्याने उत्तर दिल्यावर तेथेच न थांबता दुसरा प्रश्नही विचारावा, ‘त्याचे उत्तर मिळाल्यावर मग काय विचारलेत?’