‘अमृतवेल’: सांगलीच्या लेखकानं लिहिलेलं बिननावाचं दुःख

आजच्या भागाचा विषय आहे एक प्रेमकादंबरी. आता ‘इतिहासाच्या गप्पांत प्रेमकादंबरी कशाला?’ असं काही जणांना वाटेल. पण लढाया, तह आणि सनावळ्या यांच्यापलीकडेही इतिहास असतो. माणसं कशासाठी रडत होती आणि कुणाला माफ करत होती, हाही इतिहासच. आणि तो बखरीपेक्षा कादंबरीत जास्त सापडतो.

कादंबरी आहे वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’, १९६७ सालची. खांडेकर आपल्या सांगलीचे. जन्म जानेवारी १८९८ चा, जन्मनाव गणेश आत्माराम. वडील लवकर गेले. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकायला गेले. पुढे सावंतवाडीकडच्या चुलत्यांना दत्तक गेले आणि गणेश आत्मारामचे विष्णु सखाराम झाले. म्हणजे बघा, ऐन तरुणपणात या माणसाचं घर बदललं, गाव बदललं, नावसुद्धा बदललं. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली आणि मग कोल्हापूर गाठलं. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं, ते सांगलीला अगदी लागून असलेल्या मिरजेत.

आता कादंबरीकडे येऊ. नंदा ही शिकलेली मुलगी. तिचं शेखरशी लग्न ठरलेलं असतं आणि तो विमान अपघातात जातो. पुढे ती विलासपूरला जाते, वसुंधरा नावाच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी. वसूचा नवरा देवदत्त बुद्धिमान, रसिक, पण आतून पार विस्कटलेला. आईवडिलांच्या घरात झालेली एक जखम तो लहानपणापासून वागवतोय. नवराबायकोत अंतर पडलंय. त्या घरात नंदा येते आणि देवदत्ताला तिची ओढ वाटू लागते. पुढचं सगळं सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचावी.

मला यात इतिहास कुठे दिसतो, ते सांगतो. मराठी कादंबरीत बाईचं दुःख सुरुवातीपासून आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ साली, विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि तिचा विषयच विधवांचे हाल हा होता. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० च्या दशकातली. तिथंही वैधव्यच. या दुःखाला समाजानं एक नाव दिलं होतं, एक वेश दिला होता, एक कोपरा दिला होता. क्रूर होतं सगळं, पण ओळखीचं होतं. त्याच्याशी भांडता येत होतं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाईंनी, जोतीरावांबरोबर पुण्यात अशा बायकांसाठी घर उघडलं ते १८६३ साली. भांडण कुणाशी आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं.

नंदाचं काय? ती विधवा नाही. तिचं कुंकू पुसलेलं नाही, कारण लग्नच झालेलं नाही. तिला सुतक नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. लोक म्हणणार, ‘झालं गेलं विसर, दुसरं स्थळ बघू.’ म्हणजे दुःख तर नवरा गेल्याइतकंच, पण ते करायला समाजानं जागाच ठेवलेली नाही. बाईनं शिकावं, आपला जोडीदार आपण निवडावा, इथपर्यंत आपण पोचलो होतो. पण निवडलेला माणूस लग्नाआधीच गेला तर काय, याचा रिवाज कुणाकडेच नव्हता. ‘अमृतवेल’ त्या रिकाम्या जागेत उभी आहे. म्हणून मी तिला नुसती रडकी प्रेमकथा म्हणत नाही.

दुसरी गोष्ट क्षमेची. देवदत्ताचा राग ज्यांच्यावर आहे, ती माणसं समोर येऊन माफी मागू शकत नाहीत. मग क्षमा करायची कशी? खांडेकरांचा सूर असा, की क्षमा हा दोघांतला हिशोब नाहीच. राग धरणारा माणूस स्वतःच त्यात जळत असतो, आणि त्याची झळ बायकोला, लेकराला लागते. क्षमा करायची ती त्यांच्यासाठी.

पण इथं थोडं थांबू या. या क्षमेची किंमत कोण मोजतं? बारकाईनं वाचलं तर नंदा मोजते, वसू मोजते. पुरुष विस्कटतो आणि बायका घर सावरतात. खांडेकरांचं बाईबद्दलचं प्रेम खरं आहे, पण तिच्याकडून त्यांची अपेक्षाही फार मोठी आहे. १९५९ च्या ‘ययाति’त हीच मांडणी वेगळ्या कपड्यांत दिसते. भोग राजाचा, झळ शर्मिष्ठेला, आणि तारुण्य द्यायचं पोरानं. त्या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं.

त्याच १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली. अण्णा भाऊ वाटेगावचे. त्यांचा जन्म १९२० चा, तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे हे दोन लेखक आज एकाच जिल्ह्याचे. एक संस्थानी गावातला, शिकलेल्या घरातला. दुसरा मांगवाड्यातला, शाळेनं जवळ न केलेला. ‘फकिरा’तही बाप मारला जातो, दुःख आहेच. पण तिथं ‘माफ कर’ असं कुणी कुणाला सहज सांगू शकत नाही, कारण अन्याय अजून चालूच आहे. पोट रिकामं आहे आणि डोक्यावर सरकारी हजेरी आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, जखम देणारा हात थांबल्यावरच क्षमेचा विषय निघू शकतो. नाहीतर ती नुसती सहन करण्याची सक्ती होते.

तरी ‘अमृतवेल’ आजही वाचली जाते. खांडेकर तर तमिळमध्येही घरोघरी वाचले गेले, का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे. भाषा अलंकारिक आहे, सुभाषितं जरा जास्त आहेत, मान्य. पण ज्याचं माणूस गेलंय आणि ज्याला ‘तुझं त्याच्याशी नातं काय होतं?’ असं विचारलं जातं, त्याला हे पुस्तक तो प्रश्न विचारत नाही. त्याचं दुःख ते आधी मान्य करतं आणि मगच पुढचं बोलतं.

घरात कपाटावर एखादी जुनी प्रत असेल तर काढा. आईनं किंवा आजीनं कुठल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय ते बघा, आणि जमलं तर तिला विचारा, का मारली होती. भेटू पुढच्या भागात.