मोडलेला हात: बांधावा की उघडावा?

उजव्या हाताची मूठ वळली की माझी करंगळी शेजारच्या बोटाखाली शिरते. लहानपणी बैलगाडीवरून पडलो, तळहाताचं हाड मोडलं. अम्मीनं हाडवैद्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दीड महिन्यानं सोडला तेव्हा हाड जुळलं होतं, बोट मात्र फिरलं होतं. त्यामुळे मोडलेला हात नुसता बांधावा की शस्त्रक्रिया करावी, हा वाद मला परका नाही.

वाद जुना आहे. सुश्रुतसंहिता सांगते, पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो. तळहात मोडलेल्याला आधी मऊ गोळा धरायला द्यावा, हातात बळ आल्यावर दगड. म्हणजे हाड जुळणं हे निम्मंच काम. हात चालला पाहिजे. कॉर्दोबाच्या अल्-जहरावींनी इसवी सन १०००च्या सुमारास 'किताब अल्-तस्रीफ' लिहिलं. त्याच्या तिसाव्या, शस्त्रक्रियेच्या भागात हाडं बसवण्याला स्वतंत्र जागा आहे.

डच लष्करी डॉक्टर मथाइसन यांनी १८५२ साली प्लास्टरच्या पट्ट्यांची रीत प्रसिद्ध केली. हात उघडणं तेव्हा जिवावरचं होतं, जखम चिघळे. लिस्टर यांनी १८६७मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिडचा उपाय मांडला, तेव्हा सर्जनांना धीर आला. डिसेंबर १८९५मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं आणि जिवंत माणसाची हाडं दिसू लागली. पुढे किर्शनर यांच्या नावाच्या बारीक तारा आल्या. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले. हाड पक्कं बसवा आणि सांधा लवकर हलवा, असा त्यांचा आग्रह होता.

मग सुरी जिंकली का? नाही. कातडी शाबूत, तुकडे जागेवर आणि बोट सरळ असेल तर बहुधा आधाराची पट्टी आणि लवकर सुरू केलेली हालचाल पुरते. बोट फिरलं असेल, सांध्यातलं हाड सरकलं असेल किंवा उघडी जखम असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. धोका दोन्हीकडे आहे. फार दिवस बांधलं तर सांधे आखडतात. उघडलं तर बोटं हलवणाऱ्या दोऱ्या व्रणाला चिकटू शकतात.

बोट फिरलंय हे क्ष-किरणांच्या फोटोपेक्षा पुष्कळदा अर्धवट वळलेल्या मुठीत चटकन कळतं. त्याला यंत्र लागत नाही. माझ्या हाडवैद्याची नियत साफ होती, हातही हलका होता. पण पट्टी बांधण्यापूर्वी 'बेटा, जमेल तेवढी मूठ वळ बघू' एवढं तो म्हणाला नाही. तुमच्या घरात कुणाचा हात मोडला, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)