खान्देशी भरीत आणि नाशिकची ड्राय व्हाईट वाईन

शिंदखेड्याहून नरडाणा गाठलं की मुंबई-आग्रा रस्ता लागतो. धुळे, मालेगाव, चांदवड मागे पडतं आणि पिंपळगाव बसवंतच्या आसपास दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. खान्देश आणि नाशिक हे दोन मुलूख एकाच रस्त्यावरचे. तरी तापीकाठच्या ताटाशेजारी नाशिकची वाईन ठेवण्याचा विचार करायला विसावं शतक सरावं लागलं.

खान्देशाला दारू अनोळखी नव्हती. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा पिढ्यान्‌पिढ्या मोहाची दारू गाळत आले. देवाला धार दिल्यावरच ती माणसांच्या वाट्याला येई. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर सरकारचा फास आवळत गेला आणि परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा ठरलं. पुढे स्वातंत्र्यलढ्याने दारूबंदीचा आग्रह गावोगाव नेला. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली याच खान्देशात, फैजपूरला झालं. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तोवर चारचौघांतल्या जेवणातून दारू हद्दपार झाली होती. ती चोरून प्यायची आणि तिखट रश्शाबरोबर घशाखाली ढकलायची गोष्ट झाली. चव घेत पिणं ही कल्पनाच त्यात हरवली.

महाराष्ट्राच्या वाईनची नवी गोष्ट १९८०च्या दशकात नारायणगावला सुरू झाली. शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फसफसणारी वाईन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात पाठवली. इथल्या मातीतली ही वाईन इथल्या जेवणाला लागते कशी, हा प्रश्न तेव्हा कुणापुढे नव्हता.

तो प्रश्न नाशिकने पुढे आणला. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ साली सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाणांची लागवड केली. २००० साली त्यांच्या ‘सुला’ वाईनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. पाठोपाठ २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क ठरले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सारं नाशिकलाच का जमलं? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यातल्या थंड रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवून धरतात, आणि पांढऱ्या वाईनचा प्राण त्या आंबटपणातच असतो. तापीचं खोरं खूप खाली आणि उष्ण. थंडीचा हा फायदा मिळावा म्हणून नाशिकला वेलाची छाटणी पावसाळा सरता सरता करतात आणि वाईनची द्राक्षं उन्हाळा भडकण्याआधी, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. तोडणी शक्यतो पहाटेच्या गारव्यात होते. साल बाजूला काढून नुसता रस स्टीलच्या थंड टाक्यांत आंबवतात. यीस्टने त्यातली जवळपास सगळी साखर खाल्ली की तयार होते ती ड्राय वाईन.

अशी वाईन ८ ते १० अंशांवर गार करावी. पेला देठाला धरून हळूच फिरवावा आणि आधी नाकाजवळ न्यावा. सोव्हिन्यों ब्लाँमधून ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. मिरचीचा भास मनाचा नव्हे; मेथॉक्सिपायरझिन नावाची द्रव्यं द्राक्षात आणि मिरचीत दोन्हीकडे असतात. मग लहान घोट घेऊन तो जिभेवर खेळवावा. गालांच्या आत पाणी सुटलं, तर आंबटपणा चांगला टिकला आहे.

आता खान्देशी भरीत घ्या. त्याचं वांगं लांबट, भरदार, फिकट हिरवं. ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायचं, साल काढून हिरव्या मिरचीसकट ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. इथे वाईनची हिरवी चव मिरचीला आणि पातीला जाऊन मिळते, आंबटपणा तेल कापतो आणि धुराचा वास मागे दरवळत राहतो. मिरची तेवढी बेताची हवी, कारण अल्कोहोलने जिभेची आग वाढते.

म्हणूनच शेवभाजीशी या वाईनचं पटत नाही. काळा मसाला, तर्री आणि लाल तिखट यांच्यापुढे ड्राय वाईन कडवट लागते. तिथे किंचित गोडसर शेनिन बरी, आणि ताक त्याहून बरं. तापीच्या तळलेल्या माशाला मात्र मसाला हलका ठेवून लिंबू पिळलं, की सोव्हिन्यों पुन्हा शोभून दिसते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मुभा देण्याचं ठरवलं आणि मोठा वाद पेटला. विरोध करणाऱ्यांची काळजी खरी आहे; दारूने घरं बसलेली खान्देशानेही पाहिली आहेत. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. पण जे परवाना काढून, मोजून, जेवणासोबत पितात, त्यांच्यासाठी नाशिकच्या वाईनरींनी एक काम जरूर करावं: हिवाळ्यात चाखणीच्या टेबलावर चीजच्या शेजारी भरीत आणि कळण्याची भाकरी मांडावी.