हिरवळीची निगा आणि श्रमाचे मूल्य : एक ऐतिहासिक टिपण

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वाड्याभोवतालची आखूड हिरवळ हे जमीनदारी ऐश्वर्याचे लक्षण होते. ती राखण्यासाठी मेंढ्या चारीत किंवा कुशल मजूर पहाटेच्या दवात लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापीत. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर गवत कापण्याचे यंत्र बनवून पेटंट घेतले. हे यंत्र चालविणे सद्गृहस्थांना आरोग्यदायी व्यायाम ठरेल, असे त्याने पेटंटमध्येच सुचविले होते. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवान्याने त्याचे उत्पादन केले. पुढे हलक्या यंत्रांमुळे हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात आली. परंतु मजुराची मजुरी गृहस्थाचा व्यायाम ठरताच विळ्याच्या कौशल्याचे मोल ओसरले. हिरवळीच्या इतिहासात या श्रमाचीही नोंद होणे अगत्याचे आहे.