अनामत कोणाची, जोखीम कोणाची?

निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते, घरमालक भाडेकरूकडून अनामत घेतो. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मूळचा अरबीतला 'अमानत' आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. बँकेतल्या पैशालाही आपण मनातल्या मनात अमानतच समजतो. कायदा मात्र तसे समजत नाही.

१८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात निकाल दिला, की बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो. तो तिने कसा वापरला याचा हिशेब ग्राहकाला देणे तिच्यावर बंधनकारक नाही. ती ग्राहकाची विश्वस्त नाही, फक्त ऋणको आहे. मागितल्यावर तेवढी रक्कम परत द्यायची, इतकीच तिची जबाबदारी. जगभरातल्या बँकिंगचा पाया आजही हाच आहे.

गंमत म्हणजे ठेवीला अमानत न मानता कर्ज मानण्याचा विचार त्याआधी बारा शतके मदिनेत झाला होता, पण उलट्या हेतूने. हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्याकडे लोक पैसे ठेवायला येत. ते म्हणत, अमानत म्हणून नको, कर्ज म्हणून द्या. कारण सांभाळणाऱ्याचा दोष नसताना अमानत हरवली तर भरपाई मागता येत नाही. कर्ज मात्र फेडावेच लागते. म्हणजे जोखीम त्यांनी आपल्या अंगावर घेतली. ६५६ साली ते मारले गेले तेव्हा अंगावर बावीस लाखांचे देणे होते. मुलगा अब्दुल्लाह यांनी मालमत्ता विकून ते फेडले आणि पुढची चार वर्षे हजच्या वेळी पुकारा केला, की ज्यांचे येणे असेल त्यांनी यावे. त्यानंतरच वारसांत वाटणी केली. सहीह बुखारीत ही हकीकत सविस्तर आहे.

आता मुंबईकडे येऊ. बँक ऑफ बॉम्बे १८४० साली स्थापन झाली. ती अर्धी सरकारीच म्हणायची: सरकारचे भाग तिच्यात होते, सरकारने नेमलेले संचालक मंडळावर बसत आणि पुढे सरकारी तिजोरीतली शिल्लकही तिच्याकडे राहू लागली. म्हणजे रयतेने भरलेल्या साऱ्याचा पैसा तिच्या हातात होता. सरकारच आत बसले आहे म्हटल्यावर सामान्य माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला, यात त्याची काय चूक?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, रोज नवा शेअर. बॅक बेचा समुद्र हटवायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. नेमक्या याच काळात, १८६३ मध्ये, बँकेचा कायदा बदलला आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. जुने निर्बंध गेले, नवे कोणी घातले नाहीत. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. त्यांच्या शब्दावर बँकेचे सचिव कर्जे देत गेले आणि संचालकांनी वेळेवर जाब विचारला नाही. (विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. माणूस उदार होता, हेही खरे.)

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि वायद्यांचा दिवस, १ जुलै, उजाडेपर्यंत पैसे फेडायला कोणाकडे काही उरले नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने ढिला कायदा, सचिवांचे वर्तन आणि संचालकांची बेफिकिरी या सगळ्यांवर बोट ठेवले. भांडवलाचा बहुतेक भाग बुडाला होता. सरकारही भागधारक, म्हणजे बुडालेल्यात करदात्याचाही वाटा. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उघडली. १८७६ च्या कायद्याने सरकारने आपले भाग आणि संचालक दोन्ही काढून घेतले.

या नव्या बँकेची पुढची वंशावळ सगळ्यांच्या ओळखीची आहे. १९२१ मध्ये ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इम्पीरियल बँकेत मिळाली आणि १९५५ मध्ये त्याच इम्पीरियलची स्टेट बँक झाली. या स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत खात्यात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून १,७७१ कोटी रुपये दंड गोळा केला. त्यातल्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा तिचा नफा यापेक्षा कमी होता. जनधन खाती यातून वगळली होती, हे नोंदवले पाहिजे. टीकेनंतर दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये तो रद्दच झाला. पण याच वर्षांत बड्यांच्या थकीत कर्जांनी पोखरलेल्या सरकारी बँकांना सावरायला केंद्राने तीन लाख कोटींहून अधिक भांडवल ओतले. ते करदात्याचे. शिल्लक तीन हजारांखाली गेली म्हणून दंड भरणारा आणि साबणावर कर भरणारा माणूस एकच असतो. त्याने दोन्हीकडून दिले.

कर्ज मागायला गेल्यावर त्याचा अनुभव काय? सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले, की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून ठेवले आहे. ठेव घेताना मोहल्ला विचारला जात नाही, देताना विचारला जातो.

ठेवीदाराला आधार मिळाला तोही बुडाल्यावरच. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. मर्यादा १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षे तिथेच थांबली.

ती पुन्हा हलली पीएमसी बँकेनंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला आधी फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे सांगितले. एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाखांचा झाला. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. पाच लाखांवरची ठेव असलेल्यांना उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत मिळायचे आहेत. त्यांतले अनेक जण निवृत्तीची पुंजी ठेवून बसलेले होते.