टेस्ट पास, पण कुठे उभं राहून?

गेल्या महिन्यात जासईला घरी बसून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातले आकडे पुन्हा काढत होते. टेस्टच्या फोल्डरमध्ये जाऊन टेस्ट चालवल्या की सगळ्या पास. बिल्ड स्क्रिप्टमधून चालवल्या की सातातल्या दोन नापास, कारण फाइलच सापडत नाही. त्या दोन निदान ओरडल्या तरी. तिसरी गुपचूप पास होत होती, कारण प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये त्याच नावाची, साफ न केलेली जुनी फाइल पडून होती आणि टेस्ट तीच वाचत होती. मार्गदर्शकांना पाठवलेलं कोष्टकही त्याच स्क्रिप्टमधून निघालेलं. म्हणजे आकडे जुन्या फाइलचे!

दोष 'वर्किंग डिरेक्टरी'चा. जासईत कुणी 'डाव्या हाताला वळा' सांगितलं, तर पनवेलकडून आलेला एकीकडे जाईल आणि उरणकडून आलेला बरोबर उलट. सापेक्ष पाथचं तसंच आहे: फाइलचा पत्ता तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो. आणि 'कुठे उभे' ही गोष्ट तुमची किंवा स्क्रिप्टची नसते, प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असते.

ही गफलत थेट युनिक्स घडवणाऱ्यांचीही झाली होती. डेनिस रिचीने 1979 च्या आपल्या लेखात तो किस्सा सांगितलाय. पीडीपी-7 वरच्या पहिल्या युनिक्समध्ये पाथ नव्हतेच. फाइलचं नुसतं नाव द्यायचं आणि ते चालू डिरेक्टरीत शोधलं जायचं. त्यामुळे डिरेक्टरी बदलणारी 'सीएचडीआयआर' ही आज्ञा सारखी लागायची. तेव्हा एका टर्मिनलला एकच प्रोसेस असे. मग 'फोर्क' आलं, म्हणजे एका प्रोसेसने दुसरी जन्माला घालण्याची सोय. त्यासाठी असेंब्लीच्या अवघ्या 27 ओळी पुरल्या. आणि 'सीएचडीआयआर' चालेनाशी झाली. या मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, डोकं खाजवलं. कोडमध्ये चूक नव्हतीच. आज्ञा आता नव्या मुलाच्या प्रोसेसमध्ये चालत होती. मूल आपली जागा बदलायचं आणि संपून जायचं, आई-शेल होती तिथेच. शेवटी ती आज्ञा शेलच्या पोटातच घालावी लागली. आजची 'सीडी' शेलची अंगभूत आज्ञा आहे ती यामुळेच.

1976 मध्ये बेल लॅब्जमधल्याच स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' लिहिलं. त्यात नियमाखालची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते. पहिल्या ओळीत 'सीडी', दुसरीत टेस्ट लिहिली, तर टेस्ट जुन्याच जागी चालणार. रिचीचाच किस्सा, फक्त आता आपल्या घरी. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत जोडायच्या, हा जुना उपाय. ग्नू मेकने सगळ्या ओळी एकाच शेलला देण्याची सोय 2010 मध्ये केली.

जावात उलटा त्रास. केंट बेक आणि एरिक गामा यांचं जेयुनिट 1997 चं, अँट 2000 च्या सुमाराचं. अँटमध्ये जेयुनिटसाठी डिरेक्टरी सांगता येते, पण टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायला सांगितलं नसेल तर ती सूचना दुर्लक्षिली जाते. कारण चालू जावा प्रोग्रॅमला आपली वर्किंग डिरेक्टरी बदलायची सरळ सोयच नाही. तिथे मुलामुळे काम बिघडलं, इथे मूल नाही म्हणून अडलं. (हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.)

आता माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ चालू डिरेक्टरी छापते. डेटाचा पाथ टेस्ट फाइल जिथे आहे तिथून मोजलाय, मी जिथे आहे तिथून नाही. जुनी फाइल काढून टाकली. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्या टेस्ट मुद्दाम एका रिकाम्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवते. पहिल्याच वेळी आणखी एक टेस्ट पडली. कोष्टकातले चार आकडे बदलले, आणि मार्गदर्शकांना दुरुस्तीची मेल गेली.