पुढे काय झाले? : 'समराइच्चकहे'चे कथन

कथेचा शेवट आधीच सांगितला तर श्रोता उठून जाईल, असा आपला समज असतो. आठव्या शतकात आचार्य हरिभद्रसूरींनी मात्र तेच केले. महाराष्ट्री प्राकृतातील 'समराइच्चकहा' या ग्रंथाच्या आरंभीच्या गाथांतच नऊ भवांतील वैरी-जोड्यांची नावे नमूद आहेत. तरीही ग्रंथ हातातून खाली ठेववत नाही.

वैराचे मूळ पारण्यात आहे. राजकुमार गुणसेनाच्या थट्टेला कंटाळून कुरूप अग्निशर्मा तापस झाला. मासोपवासानंतर एकाच घरी जायचे, तेथे भिक्षा न मिळाल्यास परतून पुन्हा महिनाभर उपवास करायचा, असा त्याचा नेम. पुढे राजा झालेल्या गुणसेनाने त्याला आदराने पारण्याचे निमंत्रण दिले. पहिल्या वेळी राजाला असह्य मस्तकशूळ, दुसऱ्या वेळी सैन्याची धांदल, तिसऱ्या वेळी पुत्रजन्माचा सोहळा! तिसऱ्यांदा उपाशी परतलेल्या तापसाने निदान केले की, जन्मोजन्मी याचा वध करीन.

लहानपणी केडगावी चातुर्मासातील दुपारच्या व्याख्यानात ही कथा मी ऐकली. दुसरे पारणे चुकल्यावर महाराज साहेबांनी पोथी बांधली. त्या काळी दुकानाच्या वाटणीवरून आमचे वडील व काका यांच्यात अबोला होता. गिऱ्हाईक सोडून वडिलांना व्याख्यानास येणे जमत नसे, रात्री ते मला विचारीत, "पुढे काय झाले रे?" तिसऱ्या पारण्याची हकीगत सांगितली त्या रात्री ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पर्युषणात क्षमापनेच्या दिवशी ते स्वतःच काकांच्या घरी गेले. वाटणी मात्र व्हायची ती झालीच.

निदानानंतर 'काय होणार' हा प्रश्न उरत नाही. 'कोणत्या नात्याने होणार' हा उरतो. दुसऱ्या भवात वैरी पुत्र होऊन येतो, तिसऱ्यात माता, चौथ्यात पत्नी. राणी कुसुमावलीला सर्प उदरात शिरल्याचे स्वप्न पडते, तेव्हा गर्भात कोण आहे हे श्रोत्याला कळते. सिंहराजाला कळत नाही. सारी धडधड या अंतरात आहे.

हरिभद्रांजवळ न्यायशास्त्र शिकलेल्या उद्द्योतनसूरींनी इ. स. 779 मध्ये, शके 700 सरण्यास एक दिवस उरला असता, जालोर येथे 'कुवलयमाला' पूर्ण केली. तेथे सूत्र उलटे आहे. क्रोध, मान, माया, लोभ व मोह यांनी पोळलेले पाच जीव पुढील भवांत एकमेकांना जागे करण्याचे वचन देतात. कोण कोणाला कधी ओळखील, याची श्रोता वाट पाहतो. त्याच ग्रंथात विजयापुरीच्या बाजारात नाना देशींचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, त्यांत मराठे वाणीही आहेत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेली या ग्रंथाची संहिता 1959 मध्ये प्रसिद्ध झाली. आम्हा कापडवाल्यांना ते बाजाराचे पान विशेष आवडावे.